हार्ड डिस्कची जोडी

निवृत्त होऊन पुण्याहून गावी, सोनाळ्याला परतलो तेव्हा बायकोला सांगितलं होतं की आता मी काहीही करणार नाही. तिसऱ्याच महिन्यात घरी सर्व्हर बांधायला घेतला. तिने फक्त विचारलं, आवाज किती करेल. मी म्हणालो, फ्रीजएवढा. तो पिठाच्या गिरणीएवढा निघाला, पण तो विषय वेगळा.

सर्व्हर हवा होता आईच्या कॅसेटांसाठी. आईला लिहिता येत नव्हतं. मी पुण्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, तेव्हा एका दिवाळीत तिला टेपरेकॉर्डर आणून दिला. त्यावर ती पत्रं बोलायची आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाच्याही हाती कॅसेट सोपवायची. गावात कोण गेलं, म्हैस कशी लाथा मारते, मी काऊन वाळलो. बाबांनी त्या कधी ऐकल्याच नाहीत. भरली कॅसेट की चालली पुण्याला.

आई गेल्यावर मी त्या बाहेर काढल्या तर बुरशी धरलेली. एकेक वाजवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. बऱ्याच कॅसेटांची फीत वाजता वाजताच तुटली. बाबांना म्हटलं, या, ऐका. ते म्हणाले, नंतर ऐकीन, आणि वावरात निघून गेले. मग मी काय केलं, तर सगळ्या कॅसेटा भंगारवाल्याला देऊन टाकल्या. आता सगळं डिजिटल झालं, अशा ऐटीत. असा मूर्खपणा करायला शिकलेलाच माणूस लागतो.

म्हणजे आता आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता: माझ्या जुनाट, दम लागलेल्या कॉम्प्युटरात. बाबा रोज सकाळी चहा पिताना विचारायचे, "हाय ना थे नीट?" त्या प्रश्नाला कंटाळून, आणि खरं सांगायचं तर घाबरून, मी सर्व्हरच्या मागे लागलो.

यादी मोठ्या थाटात केली. वीज कमी खाणारा लहान मदरबोर्ड, भरपूर हवा खेळेल असा पत्र्याचा डबा, दिवे गेल्यावर तग धरायला यूपीएस. आणि दोन हार्ड डिस्क. बाबांना समजावलं, की जे लिहायचं ते दोघींवर सारखंच लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी ओढून नेते. बाबांनी खुर्ची पुढे ओढली. तोवर मदरबोर्ड वगैरे त्यांनी कीर्तनासारखं ऐकून घेतलं होतं.

"म्हंजे जोडी," ते म्हणाले. "मंग मी येतो घ्याले."

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात बाबांनी बैलांची पहिली जोडी घेतली आणि पुढची पन्नास वर्षं पंचक्रोशीतले लोक बैल घ्यायला त्यांना सोबत नेत. एका मापाचे, एका रंगाचे, एका चालीचे. बेजोड बैल जुंपलेली गाडी रस्त्यात दिसली की त्यांचा दिवस खराब जाई.

अकोल्याच्या दुकानात त्यांनी मला बाजूला सारलं. दुकानदाराने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क पुढे ठेवल्या. एकाच दिवशी बनलेल्या डिस्क एकत्रच थकतात, म्हणून भिन्न घ्याव्यात, असं तो म्हणाला. मीही हेच वाचलं होतं. बाबांनी दोन्ही तळहातांवर तोलल्या, चष्मा कपाळावर नेऊन लेबलं पाहिली आणि परत ठेवल्या.

"भाऊ, एक खिल्लारी अन् एक गावरान, एका जुवाखाली लावते का कोनी?"

दुकानदारही शेतकऱ्याच्याच घरचा असावा. तो खजील झाला आणि आतून दोन सारख्या डिस्क घेऊन आला. तारीख एक, नंबरही लागोपाठचे. बाबांचा चेहरा असा खुलला की मी, पस्तीस वर्षं लोकांच्या नकाशांतल्या चुका काढलेला माणूस, मान डोलावून मोकळा झालो. खरं तर मलाही ती जोडी फार आवडली होती.

आईचा आवाज जोडीवर चढला आणि वर्षाच्या आत जुन्या कॉम्प्युटरने कायमचा दम सोडला. दोन पोळे छान गेले. दोन्ही पोळ्यांना बाबांनी डब्याला कुंकू लावलं. सुकं लावा, एवढीच अट मी घातली होती. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात एक डिस्क बसली. मी गडबडलो नाही. दुसरी होतीच. अकोल्याहून नवी आणली, या वेळी मुकाट्याने वेगळ्या कंपनीची, आणि सकाळी जुनीवरून नवीवर उतरवायला लावलं. स्क्रीनवर आलं, सात तास.

दुपारी जुनी डिस्क कटकट वाजायला लागली. एका दिवशी जन्मलेल्या, एकत्रच थकलेल्या. बाबांनी डब्याचं झाकण काढायला लावलं, तिला हाताची उलटी बाजू लावली आणि म्हणाले, ताप हाय. तेवढ्यात दिवे गेले. यूपीएसच्या भरवशावर राहणं नको म्हणून मी त्याची वायर इन्व्हर्टरला जोडली. इन्व्हर्टर पुरावा म्हणून बाबांनी उठून घरातले सगळे पंखे बंद केले, बायकोचा धावता मिक्सरसुद्धा. मग वर्तमानपत्राची घडी करून डिस्कला वारा घालत बसले. मी घामाने निथळत होतो. मला कुणी विचारलं नाही.

मला रडू येत होतं. भंगारवाल्याचा तो गाडा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी न राहवून मी बाबांना म्हणालो, की माझ्यामुळे आईचा आवाज जाणार. त्यांनी वारा घालणं थांबवलं नाही.

"जोडी मी निवडली," ते म्हणाले. "तू कायले रडतं?"

साडेपाचला काम पूर्ण झालं. काही मिनिटांत जुनीने मान टाकली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "लाव."

मी हाताला येईल ती फाइल लावली. आई बोलायला लागली. म्हैस विकल्याचं सांगितलं, मला सर्दीवर काढा सांगितला. बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग आवाज जरा लांब गेला. "हे पाय, आले तुये बाबा. या ना जी. बोला ना पोरासंगं दोन शबूद. काय सांगू त्याले?"

पुढे नुसती खरखर. ही शांतता पुण्याच्या खोलीत मी तेव्हा ऐकली होती आणि टेप पुढे पळवली होती. आता पळवली नाही.

बाबा डब्याकडे वाकले.

"सांग त्याले," ते तिला म्हणाले, "घरी ये म्हना."

मी हातभर अंतरावर बसलो होतो. आलो बाबा, एवढंच मला म्हणता आलं.