डॉड्सचं नाव पडद्यावर

नॉर्थ शील्ड्सच्या डॉड्स घरात थोरल्या मुलाचं नाव एडविनच ठेवायचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्याबद्दल कुणी कुणाला विचारायचंसुद्धा नाही. आजोबा एडविन, बाप एडविन, मुलगा एडविन. हाक मारताना गोंधळ नको म्हणून बापाला सगळे नेड म्हणत आणि पोराला एडी. नेड टाइन नदीवर टगबोटीच्या इंजिनावर होता. मोठमोठी जहाजं ओढून समुद्रात सोडायची आणि स्वतः रोज संध्याकाळी घरी परतायचं, असं त्याचं काम. त्या नदीवर डॉड्स म्हटलं की माणसं टोपीला हात लावत, आणि नेडला त्याचा भारी माज होता. असू दे की! दुसरं होतं काय माणसाकडे?

तर अशा बापाचा पोरगा नट झाला. शाळेतल्या नाटकात एकदा टाळ्या पडल्या आणि बिघडलं सगळं. एडी नगरपालिकेच्या पैशावर लंडनला नाट्यशाळेत शिकायला गेला. नेडनं चार दिवस तोंड फुगवलं, पाचव्या दिवशी स्टेशनवर ट्रंक स्वतः उचलली. "जा लेका, पण नाव राखून राहा," एवढंच म्हणाला.

आणि नावाचंच झालं ना सगळं.

शिकून झाल्यावर एडीला टीव्हीवर पहिलं काम मिळालं ते पोलीस शिपायाचं. चित्रण सोमवारी, आणि त्याआधी नटांच्या संघटनेत नाव नोंदवणं भाग. संघटनेचा नियम असा की एका नावाचे दोन नट चालायचे नाहीत. खिडकीतल्या बाईनं यादी बघितली आणि मान हलवली. ब्लॅकपूलला एक एडविन डॉड्स आधीच होता. मांडीवर बाहुला घेऊन ओठ न हलवता बोलणारा. "मध्ये एखादं अक्षर घाला हवं तर," बाई म्हणाली. एडीनं अक्षर घातलं नाही. खरं सांगायचं तर त्याला वाटलं, डॉड्स म्हणजे जिन्यावरून पोतं पडल्यासारखं वाजतं. त्याच्या घरमालकिणीचं आडनाव होतं पास्को. ते जाहिरातीत छान दिसेल असं वाटलं, आणि एडविन पास्को असं लिहून तो मोकळा झाला. तेवीस वर्षांच्या पोराला अक्कल ती किती असणार!

घरी हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. इकडे तो भाग लागायच्या दिवशी नेडनं अर्धी गल्ली घरात गोळा केली. शेरीची बाटली आणली, पावात हॅम घालून ताटं भरली. एडीचं एकच वाक्य होतं: "साहेब, मागचं दार उघडं आहे." लोकांनी टाळ्या पिटल्या. नेड म्हणाला, "थांबा रे, उठू नका. नाव येऊ दे." नावं सावकाश वर सरकत गेली, संपली, आणि डॉड्स काही आलं नाही. कुणीतरी म्हणालं, "काय रे नेड, पोरानं फुकटात काम केलं की काय?" सगळे हसले. नेडनं उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी फोन.

"पास्को कोण?"

एडीनं नियम सांगितला, बाहुलीवाल्याचं सांगितलं.

"म्हणजे एका बाहुल्यापायी तू माझं नाव टाकलंस. आणि पास्को कुठनं पैदा केलंस?"

"माझी घरमालकीण आहे, बाबा."

"वा! भाडं तिला, नावही तिचं. लग्नबिग्न लावलंस की काय म्हातारीशी?"

एडी हसला. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मधल्या अक्षराचं एडीनं बापाला कधीच सांगितलं नाही. नेडनंही पुन्हा विषय काढला नाही, आणि तेच वाईट होतं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरगा पडद्यावर यायची वेळ झाली की नेडला कबुतरांना दाणे घालायचं आठवे, नाहीतर तंबाखू संपलेली असे. एडीची आई होती तोवर ती एकटी बघायची आणि मग फोनवर सांगायची. ती गेल्यावर तेही थांबलं. बापलेकांत दर रविवारी फोन व्हायचा, त्यात दोनच प्रश्न. "काम आहे?" "आहे." "पुरतं?" "पुरतं."

पुरत कसलं होतं! पडद्यावर दिसतो म्हणजे गाडीबंगला असणार, असं लोकांना वाटतं. एडीची मिळकत म्हणजे नळाचं पाणी: आलं तर धो धो, नाहीतर आठवडेच्या आठवडे ठणठणाट. तो शिपाई झाला, पाद्री झाला, डॉक्टर झाला, तीनदा प्रेत झाला. प्रेताला बोलायचं नसतं, म्हणून पैसेही कमी, आणि फरशी तेवढीच गार. मधल्या काळात त्यानं गोदामात खोकी उचलली, नाताळात लाल डगला आणि पांढरी दाढी चढवून दुकानात पोरांना मांडीवर घेतलं. जुनं काम पुन्हा दाखवलं की टपालानं थोडे पैसे यायचे, कधी महिन्याचा किराणा निघेल एवढे, कधी टपालाचं तिकीट बरं असं वाटावं एवढे. लग्न करायचं राहूनच गेलं. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे ज्याला ठाऊक नाही त्यानं कुणाला काय विचारायचं?

मग एका इस्पितळाच्या मालिकेत स्ट्रेचर ढकलणाऱ्याचं काम मिळालं आणि ते सात वर्षं चाललं. ती सात वर्षं सुखाची. लंडनच्या कडेला क्रॉयडनला दोन खोल्यांचं घर झालं, दुकानात बायका ओळखायला लागल्या. नंतर नवा निर्माता आला, त्यानं स्ट्रेचरवाल्याला बहिणीकडे स्पेनला धाडून दिलं. मारायचासुद्धा खर्च केला नाही मेल्यानं! पुन्हा खोकी, पुन्हा टपालाची वाट.

एडी सत्तावन्न वर्षांचा झाला तेव्हा संघटनेच्या मासिकात त्यानं वाचलं की ब्लॅकपूलचे ज्येष्ठ कलावंत एडविन डॉड्स वारले. माणूस मेल्याची बातमी आणि ह्याला आनंद झाला. मग स्वतःचीच लाज वाटली. पण नाव मोकळं झालं होतं! नेड आता पंच्याऐंशीचा होता, डोळे अधू, छातीत कायमची घरघर. त्याच्या डोळ्यांदेखत डॉड्स हे नाव एकदा पडद्यावर यावं, एवढं एकच एडीच्या मनानं घेतलं.

योगही असा की त्याच आठवड्यात काम आलं. नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावरची गुन्ह्याची मालिका, त्यात म्हाताऱ्या कोळ्याचा एकच प्रवेश, पण अख्खा त्याचा. एडीला कामं मिळवून देणारी थेल्मा कपाळाला हात लावून बसली.

"एडविन, वेड लागलंय का? पस्तीस वर्षं लोक पास्कोला ओळखतात. डॉड्स कोण? काळं कुत्रंही विचारणार नाही."

"न विचारू दे."

"खाणार काय?"

"आता तरी काय पक्वान्नं खातोय? तू बदल नाव."

थेल्मानं संघटनेत बदललं, निर्मात्याच्या कचेरीत कळवलं. एडीनं बापाला फोन केला. "बाबा, पुढच्या हिवाळ्यात लागेल. नाव आपलं असेल. तुमचं."

नेड घरघरत्या आवाजात म्हणाला, "बघू. तोवर टिकायला हवं मला."

टिकला. तो भाग लागायचा त्या रविवारी एडी नॉर्थ शील्ड्सला आला. शेजारची डोरीनही आली होती. एडी तिला लहानपणापासून मावशी म्हणायचा. पंचाहत्तरीतही ती बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवायची. नेडनं खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ ओढली की डोरीन म्हणाली, "आत जाऊन बसतोस का आता?"

कोळ्याचा प्रवेश आला. बुडालेल्या मुलाबद्दल बोलायचं होतं, आणि एडी फार हळू, जवळजवळ काहीच न करता बोलला होता. नेड एकदाच पुटपुटला, "माझ्यासारखा दिसायला लागलास रे." पुढं काही नाही. भाग संपला.

आणि नावं सुरू झाली. अहो, कसली सुरू झाली! पूर्वीसारखी सावकाश वर सरकणारी नावं कुठं राहिलीत? नावं येताक्षणी सगळा पडदा आक्रसून कोपऱ्यात गेला, मुंगीएवढी अक्षरं सरसर पळायला लागली, आणि उरलेल्या जागेत एक बाई पुढच्या कार्यक्रमाची हसत हसत जाहिरात करायला लागली. नेडनं काचेला नाक लावलं. "कुठं? कुठंय रे? ए बाई, गप्प बस ना जरा! कुठंय?"

संपलं. एडीलाही काही वाचता आलं नव्हतं.

"होतं का?" नेडनं विचारलं.

"होतं, बाबा."

"बघितलंस तू?"

"बघितलं. एडविन डॉड्स. स्पष्ट होतं."

नेडनं मान हलवली. एडीला त्याच्याकडे बघवेना, म्हणून तो चहा ठेवायला आत गेला.

लंडनला परतल्यावर थेल्माच्या कचेरीत त्यांनी टेप लावली आणि बरोबर जागी थांबवली. एडविन पास्को. निर्मात्याच्या कचेरीतल्या मुलीनं जुन्या फायलीतून नाव उचललं होतं. ती फोनवर फार गोड बोलली, पुन्हा दाखवू तेव्हा नक्की सुधारू म्हणाली. पुन्हा म्हणजे कधी, तर पुढच्या वर्षी. बापाला सांगायचं कसं? नाहीच सांगितलं.

पण नेड सोडतोय थोडाच! रविवारच्या फोनवर आता तिसरा प्रश्न आला. "नाव कितवं होतं म्हणालास?"

"चौथं, बाबा."

"कुणाच्या खाली?"

"इन्स्पेक्टर झालेल्याच्या."

"आणि त्या जाहिरातवाल्या बयेच्या वर?"

"हो तर! तिच्या चांगलं वर."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अक्षरं पांढरी की पिवळी? पूर्ण एडविन लिहिलं होतं का? एडी रचत गेला, आणि काय रचलं ते विसरू नये म्हणून शनिवारी मनात घोकत गेला. नाव आलं तेव्हा मागं समुद्र दिसत होता, लाट फुटत होती, आणि डॉड्स हे नाव इतरांपेक्षा अंमळ जास्त वेळ टिकलं, असंही त्यानं सांगून टाकलं. पलीकडे म्हातारा "हं, हं," करत ऐकायचा, मधेच खोकायचा, आणि म्हणायचा, "पुन्हा सांग रे, ते लाटेचं." फोन ठेवल्यावर एडीला स्वतःची किळस यायची. मरणाच्या दारातल्या बापाला फसवतोय, नाव बुडवलं ते बुडवलं, वर हे.

फेब्रुवारीत नेड गेला. चॅपेलमध्ये पाद्र्यानं "एडविन डॉड्स" म्हटलं तेव्हा एडीनं चमकून वर बघितलं. नंतर माणसं बाहेरच्या खोलीत खायला जमली, आणि स्वयंपाकघरात डोरीन कप विसळत होती. एडीला राहवलं नाही.

"मावशी, बाबांना फसवलं मी. पडद्यावर नाव डॉड्स नव्हतंच. पास्को होतं."

"ठाऊक आहे मला. वाचलं होतं त्याच दिवशी."

"मग बोलला नाहीत?"

"तू चहा ठेवायला गेलास ना, तेव्हा नेडनं विचारलं. त्याच्याशी खोटं बोलायचं माझ्यानं झालं नसतं रे. सांगितलं."

"बाबांना ठाऊक होतं? मग दर रविवारी मला..."

"मीही तेच म्हटलं त्याला. कशाला छळतोस लेकराला? तर म्हणतो कसा, 'डोरीन, जन्मभर त्याचं एक काम धड बघितलं नाही मी. आता ऐकतो. लाटेचं काय सांगतो गं! फार चांगलं करतं पोरगं.'"

एडी ओट्याला धरून उभा राहिला आणि मोठ्यानं रडायला लागला. बाहेरच्या खोलीतली माणसं गप्प झाली, तरी त्याला आवरता आलं नाही.