रुद्रकुमारची खरी कुस्ती

संगमेश बंगालमध्ये रुद्रकुमार या नावानं ओळखला जाई. तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या थिएटरांवर त्याचे मोठे मोठे फलक लागत आणि त्याचे मारामारीचे सिनेमे आठवडेच्या आठवडे चालत, असं मी ऐकलं आहे. मी त्यातला एकच पाहिला, तोही अर्धा. तरी त्याच्याविषयी लिहायला बसलो आहे. लिहिण्याची मला सवय नाही. कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीसमोर माझं शिलाईचं दुकान होतं. पैलवानांचे लंगोट आणि जांगे मी शिवत असे, तेवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

तो कुरुंदवाडचा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडील भीमाप्पांचं भुसार दुकान होतं. घर लिंगायत, त्यामुळे तालमीत मटण शिजलं की हा कोपऱ्यात बसून बदाम घोटायचा आणि पोरं त्याला ‘दूधखुळा’ म्हणून चिडवायची. पण मातीत उतरला की चिडवणारे गप्प व्हायचे. वस्ताद गणपतराव कुणाचं कौतुक करत नसत. त्याच्याकडे मात्र बघत राहत.

मग एका जत्रेच्या मैदानात त्याचा गुडघा गेला. वर्षभर लेप झाले, मालीश झालं, पण पाय जोर धरेना. त्याच सुमाराला, म्हणजे त्र्याण्णव साली, कलकत्त्याची एक सिनेमा कंपनी कोल्हापुरात शूटिंगला आली. हिरोच्या हातचा मार खायला त्यांना धिप्पाड माणसं हवी होती. वस्तादांनी तालमीत बजावलं, “कुणी गेलं तर परत ह्या मातीत पाय ठेवायचा न्हाय. ती नुराच हाय.”

नुरा म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती. कोण पडणार, कधी पडणार, सगळं ठरलेलं. आमच्याकडे पैलवान हरला तर लोक त्याला खांद्यावरून घरी आणतील, पण नुरा खेळला तर त्याच्या बापालाही पारावर कुणी जागा देणार नाही.

संगमेश चोरून गेला. हिरोच्या हातून आठ दिवस पडला. कंपनीच्या फाइट मास्तरनं त्याची छाती पाहिली, चेहरा पाहिला आणि तो त्याला कलकत्त्याला घेऊन गेला. घरी त्यानं सांगितलं, एका गिरणीच्या व्यायामशाळेत मास्तर म्हणून लागलोय. आईनं, हिराबाईंनी, गावभर पेढे वाटले. तालमीतही त्यानं तेच सांगितलं.

पहिली दोन वर्षं तो हिरोच्या जागी उड्या मारत होता. पुढे खलनायक झाला. मग एका सिनेमाच्या वेळी हिरो रुसून निघून गेला आणि निर्मात्यानं यालाच उभा केला. तोंड याचं, आवाज दुसऱ्याचा. तो सिनेमा धो धो चालला. हे सगळं त्यानं मला फार उशिरा सांगितलं, तेही मान वर न करता. “मामा, लोक माझ्या पाया पडायची,” म्हणाला, “आन् मला वाटायचं, आता वस्ताद कुठून तरी बघत असतील.”

दर नागपंचमीला मात्र तो कोल्हापुरात यायचाच. त्या दिवशी एरवी कुणी जमीन खणत नाही, पण आमच्या तालमीत हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरून नवी करतात. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. जुने पैलवान कुठूनही येतात आणि वस्तादांच्या हातून फावडं घेऊन मातीत उतरतात. संगमेश वर्षभर त्या एका दिवसासाठी जगत होता, असं मला वाटतं.

दोन हजार दोनची नागपंचमी. तो माझ्या दुकानासमोर चहा पीत उभा होता. गुजरीत सोन्याचं काम करणारे चार बंगाली कारागीर तिथून चालले होते. त्यातला निमाई थबकला आणि एकदम ओरडला, “गुरू!” चौघंही रस्त्यातच त्याच्या पाया पडले. एक तर रडायलाच लागला. संगमेशच्या हातातला चहा सांडला. तो बंगालीत काहीतरी पुटपुटत त्यांना उठवत होता, पण तोवर तालमीतली पोरं बाहेर आली होती.

निमाई आमच्या गावात बरीच वर्षं होता. मोडक्या मराठीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, “हा रुद्रकुमार! आमचा लई मोठा हिरो!” आणि धावत खोलीवर जाऊन सीडी घेऊन आला.

“लावा,” वस्ताद म्हणाले. “बघू की आमच्या मास्तराची गिरणी.”

तालमीतल्या टीव्हीवर संगमेश दिसला. एका हातानं माणूस उचलत होता, भिंतीवर पळत चढत होता. पोरं शिट्ट्या मारत होती. खरा संगमेश दारात उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. अर्ध्यावर वस्तादांनी टीव्ही बंद केला.

“संगमेश, ह्यातलं एक तरी माणूस खरं पडलंय व्हय रं?”

“न्हाय, वस्ताद.”

“आन् दरसाल माझ्या हातनं फावडं घेत हुतास.”

वस्तादांनी हौदाकडे बोट केलं. मग म्हणाले, “मातीत यायचं असंल तर एक खरी कुस्ती खेळ. पिराजीसंगं. हार न्हाय तर जीत, मला काय न्हाय त्याचं.”

पिराजी वारणेकडचा, विशीतला, तालमीतला पहिल्या नंबरचा पैलवान. संगमेशनं कपडे काढले. मी शिवलेला जुना जांगा त्यानं घातला, तो आता घट्ट होत होता. निमाई आणि मंडळी हौदाच्या काठावर बसून टाळ्या वाजवत होती.

कुस्ती फार चालली नाही. सलामी झाली. संगमेशनं एकदा पट काढायचा, म्हणजे पिराजीचा पाय धरून ओढायचा, प्रयत्न केला, गुडघा वाकला, आणि पिराजीनं त्याला कंबरेवरून उचलून पाठीवर टाकलं. चितपट.

मग निमाई उभा राहिला, डोळ्यांत पाणी. “बघा गुरूचं मन!” तो सगळ्यांना सांगू लागला. “गरीब पोरगा जिंकावा म्हणून मुद्दाम पडला! सिनेमात पण असाच करतो!”

काठावरच्या पोरांत कुजबुज सुरू झाली. “मुद्दाम पडला म्हंजे? हितं बी नुराच?” कुणीतरी हसलं. पिराजीचं तोंड उतरलं. “अण्णा,” तो म्हणाला, “कुस्ती सोडली व्हय तुम्ही मला?”

वस्तादांनी संगमेशकडे पाहिलं. त्यांना खरं काय ते कळलं असणार. पण सांगायचं त्यांनी संगमेशवरच सोडलं.

संगमेश मातीतून उठला. पाठीला तांबडी माती तशीच. “पिराजी, तू मला खरं पाडलंस,” तो म्हणाला. मग निमाईकडे वळून बंगालीत बोलू लागला. मला भाषा येत नाही. पण गुडघ्यावर हात ठेवून, मग वर बोट दाखवून, कंबरेला काहीतरी बांधल्यासारखं करून तो बोलत होता. पडद्यावर मला दोरी उचलते, माणसं आपण होऊन पडतात, असं सांगितलं असावं. कारण त्या चौघांच्या माना हळूहळू खाली गेल्या.

“गुरू, असं नका ना बोलू,” निमाई मराठीत म्हणाला, बहुतेक आम्ही ऐकावं म्हणून. “माझ्या घरी देवाजवळ तुमचा फोटो आहे.”

“काढ तो,” संगमेश म्हणाला.

वस्तादांनी पुढे होऊन त्याच्या हातात फावडं दिलं. त्यानं ते घेतलं आणि माती उकरायला लागला. कारागीर निघून गेले तरी त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी तो म्हणाला, “मामा, गुजरीपातूर येता का? एकट्याला जायला हुईना.” मी गेलो. निमाईनं उठून स्टूल पुढे केलं, चहा मागवला. “घ्या, दादा,” म्हणाला. सकाळपासून गुरू म्हणत होता तो. मग दिव्याखाली वाकून कामाला लागला. बाकीच्यांनीही हातातलं काम सोडलं नाही. आम्ही चहा संपवला आणि उठलो.

पुढे संगमेशनं आणखी तीन-चार वर्षं सिनेमे केले, करार झाले होते म्हणून. मग कुरुंदवाडला येऊन वडिलांच्या दुकानात बसला. नागपंचमीला येतो, फावडं घेतो. त्याला आता कुणी अडवत नाही.

पण त्या संध्याकाळी गुजरीतून परतताना तो म्हणाला होता, “खरं बोलल्यावर हलकं वाटंल म्हणत हुतो, मामा. न्हाय वाटलं. ती पोरं घरापासनं लांब येऊन दिवसभर आगीपुढं बसत्यात. त्यास्नी माझा तेवढाच आधार हुता, त्यो बी काढून घेतला मी.”

मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेलो आणि त्याला कुरुंदवाडच्या एस.टी.त बसवून दिलं.