आईचे ओठ मिटलेले होते

आधीच सांगते, आमच्या घरात भुताखेताला थारा नाही. आम्ही बौद्ध. कुणाला झपाटलंय असं कानावर आलं की आई म्हणायची, "आधी डाक्टरकडं न्या त्याला." मीही तिचीच मुलगी... म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही भिवंडीजवळ शेलारला राहतो. मी जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला आहे. दर रविवारी सकाळी विहारात आई वंदना सांगायची – ती एक ओळ म्हणणार, मागून बाकीच्या बायका. माईक कधी लागला नाही. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटातसुद्धा तिची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

गेल्या वर्षी तिच्या थायरॉइडची गाठ काढली. शुद्धीवर आली तेव्हा तोंडातून नुसती हवा! डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला. थायरॉइडच्या मागे, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढी एकेक नस स्वरयंत्राकडे जाते. डावीकडची आधी छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून परत गळ्यात चढते. गाठ तिलाच चिकटली होती, सोडवताना नस ताणली गेली.

"येईल ना आवाज?"

"काही महिने लागतात. कधी कधी नाहीही येत."

आई घराबाहेर पडेनाशी झाली.

महिन्याभरानं, माझ्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होतो. स्वयंपाकघरातून हाक आली – "वैशाले, डाळ बघ!" आईचीच, खणखणीत. मी "बघते" म्हणत उठलेसुद्धा... आणि मग आईकडे पाहिलं. तिच्या हातातली जुडी गळून पडली होती.

आत कुणी नव्हतं. डाळ करपायला आली होती.

मी गॅस बंद केला.

पुढच्या रविवारी मीच तिला ओढून विहारात नेलं. वंदना शेजारची सुनंदामावशी सांगणार होती. तिनं हात जोडले, आणि ती तोंड उघडायच्या आत आईचा आवाज सुरू झाला. बायका डोळे मिटून मागून म्हणू लागल्या. मी आईच्या शेजारी होते. तिचे ओठ घट्ट मिटलेले, गळा अजिबात हलत नव्हता. डोळ्यांतून मात्र धारा. वंदना शेवटपर्यंत झाली.

सुनंदामावशीनं तिला मिठीच मारली. "ताई, आला की गं आवाज!"

आई श्वासातल्या श्वासात म्हणाली, "मी न्हाय... मी न्हाय म्हटलं."

दुसऱ्याच दिवशी घशात कॅमेरा घालून तपासणी केली. डावा स्वरतंतू तसाच निपचित. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. "इथून तसा आवाज निघूच शकत नाही," एवढंच म्हणाले.

आता आई बोलते – जाड, घोगरं. तो आवाज पुन्हा कधी आला नाही. एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "माझाच व्हता गं तो. जाताना सांगून गेला, आनि काय!"

मागच्या महिन्यात सुनंदामावशीच्या मुलीनं त्या रविवारचा व्हिडिओ पाठवला. तिनं मोबाईलवर काढला होता. त्यात आईचा आवाज नाहीये. पंख्याची घरघर... आणि मग सगळ्या बायका एका सुरात एक ओळ म्हणतात. परत शांतता. परत पुढची ओळ. मी त्या शांततेत मनातल्या मनात आईची ओळ म्हणून पाहिली.

प्रत्येक वेळी बरोब्बर बसली.

तुमच्यापैकी कुणाला याचा अर्थ लागला तर सांगा. मला नाही लागलेला.