लोणच्याआधी मोहरी

माझी भाची मृणाल संगणकावर साम्राज्याचा एक खेळ खेळते. त्यात माणसाला एकेक विद्या क्रमाने शिकावी लागते: आधी अग्नी, मग मडके, मग चाक. या विद्यांचे एक झाड असते. मृणालने खेळाची फाइल उघडून त्या झाडाला लोणच्याची नवी फांदी जोडली. मीठ आणि मडके साधले की लोणचे येते, आणि लोणच्याशिवाय कोणाचेच जहाज दूर जात नाही.

ही फांदी तिने इंटरनेटवर इतरांना वापरायला दिली, तर खाली प्रतिक्रियांत भांडण जुंपले. लोणचे आधी की वल्हे, यावर अनोळखी माणसे पानेच्या पाने लिहीत होती.

प्राचीन पाकसाधनांवरच्या ग्रंथासाठी मी अकरा वर्षे खपलो. ग्रंथ मात्र खपला नाही. प्रकाशनाला तिन्ही वक्त्यांनी त्याला 'मौलिक' म्हटले आणि मला शाल पांघरली. आजवर त्यातले एकही वाक्य कोणी चूक ठरवलेले नाही. इतका निखळ आदर न वाचलेल्या पुस्तकालाच मिळतो.

"मामा, हे लोक मला मूर्ख म्हणताहेत," मृणाल खुशीत म्हणाली.

मला तिचा फार हेवा वाटला.

"यात मोहरी कुठे आहे?" मी म्हणालो. "मोहरीशिवाय कसले लोणचे?"

"मग लिहा ना तिथे. माझ्यावर कशाला फणफणता?"

मी लिहिले. चहा होईपर्यंत चौघांनी मला अडाणी ठरवले. पाचव्याने पुरावा मागितला. मी लगबगीने कपाटातून ग्रंथ काढला. मोहरीचा पुरावा असलेल्या सातव्या प्रकरणाची पाने अजून एकमेकांना चिकटलेलीच होती.