माझ्या फुप्फुसांचा आरोपी

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांच्या धुराविरुद्ध पत्रकं लिहिणं, हे माझं तेव्हाचं काम. आमची पद्धत ठरलेली: आधी आरोपी, मग पुरावा. त्यामुळे मला खोकला सुरू झाला, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मनातून जरा बरंच वाटलं. पुरावा घरचाच निघाला. तळवलीच्या दवाखान्यात टीबीच्या गोळ्या दिल्या. त्या मी घेत होतो, पण पत्रक छापून मोकळाही झालो: ‘ही फुप्फुसं कंपनीनं खाल्ली!’ वर माझा एक्स-रे. प्रेसवाल्यानं तो उलटा छापला, पण दिसत होता जळजळीत.

गोळ्या संपत आल्या, धाप वाढतच गेली. घोषणा देताना मी ‘धूर ओकणाऱ्या’ इथवरच पोचायचो. लोक कोणाचा ते न विचारता ‘धिक्कार असो’ म्हणायचे.

शेवटी आईनं मला वाशीच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

“बेडक्यात जंतू नाहीत, टीबीचं औषध लागू पडत नाही, छातीतल्या गाठी दोन्हीकडे सारख्या सुजल्यात,” त्या म्हणाल्या. “मला वेगळाच संशय आहे. नळी घालून फुप्फुसाचा लहानसा तुकडा काढू, तपासू.”

“तपासायचं काय त्यात? गॅस आहे मॅडम. पत्रकात छापलंय.”

“पत्रक वाचून मला औषध देता येत नाही. आणि असंच चालू राहिलं तर फुप्फुसं कडक होतील. ती मग परत मऊ होत नाहीत.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, “काढा बाई तुकडा. हा काय, बोलतच ऱ्हाणार.”

तुकड्यात निघाला सारकॉइडोसिस. नाव आम्ही तिघांनी आळीपाळीनं म्हणून पाहिलं.

“शरीराची राखण करणाऱ्या पेशीच खवळतात,” बाईंनी सांगितलं, “आणि जमाव करून फुप्फुसात ठाण मांडतात. का, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही.”

“म्हंजे दुश्मन घावला न्हाई की घरातच भांडण,” आई म्हणाली. “ह्याच्यावरच गेल्यात.”

“मग कंपनी सुटली?” मी चिडून विचारलं.

“तुमच्या आजारापुरती. धुरावर लिहा की. मीही इथंच श्वास घेते.”

स्टेरॉइड सुरू झालं. धाप गेली, गाल फुगले. नवं पत्रक काढलं: ‘धूर घातकच आहे, मात्र माझा आजार त्यामुळेच झाला असं सिद्ध झालेलं नाही.’ इतकं मिळमिळीत वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं. कंपनीच्या गेटवर एका कामगारानं ते वाचलं, माझ्या गालांकडे पाहिलं.

“काय रे, कंपनीनं खायला घातलं वाटतं?”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. गाठी, पेशी, स्टेरॉइड, अथपासून इतिपर्यंत, मधे एकदाही न थांबता, न खोकता. तो केव्हाच ड्युटीवर निघून गेला होता.