खिद्रापूरचं दगडी कमळ

कोल्हापूर जिल्हा आमच्या भाऊजींइतका पाहुण्यांना कोणी दाखवला नसेल, आणि त्यांच्याइतका कमी कोणी पाहिलाही नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे मावसभाऊ. शिवाजी पेठेत राहायचे. लग्न केलं नाही, त्याऐवजी एक जुनी मोटार घेतली. पेठेत कुणाकडेही परगावचा पाहुणा उतरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ही मोटार त्याच्या दारात खोकत उभी.

मोटारीत खोट एकच. बंद केली की उतार मिळाल्याशिवाय किंवा ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. हॅन्डल मारून सुरू करावी, तर ते हॅन्डल गगनबावड्याच्या घाटात दरीत गेलं होतं, आणि पाहुण्याला ढकलायला लावणं भाऊजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. "पावण्यानं गाडी ढकलायची? मग त्याला तांबडा-पांढरा रस्सा कुठल्या तोंडानं वाढायचा?" त्यामुळे जगातली सगळी ठिकाणं ते उतारावरून तोलत. जोतिबा उत्तम, पन्हाळा त्याहून उत्तम, रंकाळा अगदीच बेकार. बरं, हातब्रेकही धरत नसे. म्हणून गाडी उताराला लावून, पाय ब्रेकवर दाबून, हे आतच बसायचे. पाहुणे गड बघत, भाऊजी समोरचं झुडूप बघत. परत आलेल्यांना उत्सुकतेनं विचारत, "काय काय बघितलंसा?" आणि ते ऐकलेलं पुढच्या पाहुण्यांना मीठमसाला लावून सांगत. पन्हाळ्याची अंधारबाव ते अशी रंगवत, की ऐकणाऱ्याच्या पायाला ओल लागावी. स्वतः तिची एक पायरी उतरले नव्हते.

एकदा नागपूरहून माझी बहीण आणि मेहुणे आले. सकाळी पन्हाळा झाला, दुपारी नृसिंहवाडीचा संगम झाला आणि आम्ही खिद्रापूरच्या वाटेला लागलो. तिथल्या जुन्या देवळाचं भाऊजींना फार कौतुक. "मंडपात गेलासा की वर बघा, पावणं. छताला एकच अखंड दगडी कमळ! मान दुखंस्तवर बघायचं."

खिद्रापूर नदीकाठचं सपाट गाव. उताराचं नाव नाही. भाऊजींनी इंजिन चालूच ठेवलं, ते बंद पडू नये म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडीतच बसले आणि आम्हाला देवळात पिटाळलं. मंडपात जाऊन वर बघितलं तर कमळबिमळ काही नाही. छताला मधोमध मोठा गोल मोकळा, आणि त्यातून निळंशार आभाळ.

मेहुणे खो खो हसायला लागले. "चला, तुमच्या भाऊजींना सांगू या!"

मला ते रुचलं नाही. आयुष्यभर भाऊजींनी दुसऱ्याकडून ऐकलंच होतं. निदान हे तरी त्यांनी स्वतः बघावं. मी तडक बाहेर गेले, खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. इंजिन गप्प.

"वहिनी! काय केलंसा हे?"

"उतरा."

"आता ढकलणार कोण?"

"आम्ही. पदर खोचलाय, दिसत नाही?"

"अवो, पावणं हायत ती!"

"पावण्यांना जेवण जिरवायचंय. उतरा म्हणते ना!"

उतरले बिचारे. पोराला घरात एकटं ठेवून आल्यासारखे मागे वळून गाडीकडे बघत मंडपात आले, मधल्या गोल शिळेवर उभे राहिले आणि वर बघितलं. बराच वेळ मान खाली आलीच नाही. मेहुण्यांचं हसूही विरलं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "कमळ न्हाय की. आभाळ हाय." मग एकदम, "आणि इतकी माणसं आणली मी हितं! परत आल्यावर समदी म्हणायची, काय ते कमळ, काय ते कमळ! एकानं बी सांगितलं न्हाय?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून असेल," मी म्हटलं.

"लई चांगली माणसं," भाऊजी वर बघतच म्हणाले.

मग आम्ही गाडी ढकलली. मेहुण्यांच्या पांढऱ्या पँटीची वाट लागली, बहिणीची चप्पल तुटली, आणि भाऊजी स्टिअरिंगमागे शरमेनं लाल. जयसिंगपूर मागे पडल्यावर मात्र घसा खाकरला. "तर पावणं, खिद्रापूरच्या मंडपाला मधोमध छतच न्हाय बघा..." आम्ही तिघंही मुकाट्यानं, जणू पहिल्यांदाच ऐकत होतो.

भाऊजी जाऊन आता काही वर्षं झाली. परवा मी पुतण्याच्या नव्या गाडीतून खिद्रापूरला गेले. देऊळ बघून झालं, त्यानं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

"काकू, मागं काय करताय? बसा की!" तो ओरडला.

मी गाडीच्या मागे उभी होते, पदर खोचून.