साडेपाचची एस.टी.

आमच्या अक्काला एकाही पिक्चरचं नाव आठवत नसे, पण पिक्चर मात्र ती एकही विसरली नाही. नावं तिची तीच ठेवायची. विहिरीवाला पिक्चर, सुपारी खाणाऱ्या वकिलाचा पिक्चर, आणि सगळ्यांत लाडका, दोन बहिणींचा. अक्का खरं तर माझी आत्या. पण गावाने तिला अक्का केलं आणि आम्ही भाचरंही त्यातच सामील झालो.

हिरो कोण याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. हिरॉईनला काम येतं का, एवढंच ती पाही. विहिरीवाला तिला का आवडे, तर त्यातली बाई पोहरा ओढताना खांदा बरोबर वळवी म्हणून. उलट एका गाजलेल्या पिक्चरमधली नटी कापूस वेचताना अख्खं बोंडच तोडत होती. तेवढ्यावर अक्काने तो पिक्चर कायमचा बाद केला. "जिले काम येत नही, तिनं रडनं बी खोटं," असं ती म्हणे.

धरणगावचा बाजार आटोपला की ती मला घेऊन तीनच्या खेळाला बसे. आमच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचची, त्यामुळे पिक्चरचा शेवट आमच्या नशिबात कधीच नव्हता. हातात घड्याळ नसतानाही अक्का बरोब्बर वेळेवर उठायची, पिशवी काखेत मारायची आणि मला ओढत बाहेर काढायची. मी रस्ताभर चडफडत असे.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना मात्र ती बायांना अख्खा पिक्चर सांगे, शेवटासकट. तो शेवट अर्थात तिचा, आणि त्यात कोणी मरत नसे. दोन बहिणींच्या पिक्चरमध्ये थोरली धाकटीचं लग्न लावून देते आणि तिच्या संसारात आपली अडचण नको म्हणून कोणाला न सांगता रेल्वेत बसते. अक्काच्या सांगण्यात धाकटी धावत येऊन डब्यात चढे, साखळी ओढे आणि बहिणीला घरी घेऊन जाई. इथे अक्काचे हात थांबत. ओळीतल्या बाया डोळे पुसत. अक्का तरुणपणी विधवा झाली तेव्हा माझे वडीलच तिला सासरहून घेऊन आले होते, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला धुळ्याला माझ्याकडे आणलं. डोळे बरे झाल्यावर काय बघायचं, असं विचारलं तर म्हणाली, दोन बहिणींचा पिक्चर. मोठ्या खटपटीने मी तो शोधून काढला आणि आधी एकटीने पाहिला. शेवटी गाडी निघून जाते. थोरली परक्या गावात एकटीच मरते. साखळी कोणीच ओढत नाही.

ऐंशीच्या घरातल्या बाईचं जन्मभराचं समाधान मी आपल्या हाताने मोडायला निघाले होते. टीव्ही बिघडलाय असं सांगायचंही ठरवलं होतं. पण दुपारी बघते तर अक्का केस विंचरून, धुवट लुगडं नेसून, टीव्हीसमोर बसलेली.

सव्वादोन तास ती अगदी खुशीत होती. "देख, पीठ कशी मळस ती," असं तिने मला दोनदा दाखवलं. थोरली फलाटावर आली तसा माझा हात रिमोटकडे गेला. पण त्याआधीच अक्का उठली. पदर खोचला आणि नसलेली पिशवी काखेत मारली.

"चाल पोरी, मोटर निंघी जाई."

मी घाईघाईने टीव्ही बंद केला. हायसं वाटलं. तरी राहवेना. म्हटलं, अक्का, शेवट नाही बघायचा?

"तो माले पहिलेपासून माहीत शे. टॉकीजसमोरनी चहावालीनी सांगं व्हतं, ती मरी जास म्हनीसन." मग माझ्याकडे जरा रागानेच बघत ती म्हणाली, "पन कोनी तरी साखळी ओढाले पाहिजे ना."

आणि ती स्वयंपाकघरात जाऊन आमच्या भांडी घासणाऱ्या मावशींना दोन बहिणींचा पिक्चर पहिल्यापासून सांगू लागली. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. या खेपेला साखळी जरा लवकरच ओढली गेली. गाडीने अजून फलाटही सोडला नव्हता.